⌘, ⌥, ⇧ लिहायचं की कळीचं नाव? मॅन्युअल लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सॉफ्टवेअरचं मॅन्युअल नव्याने लिहायला घेतलंय. टीममधल्या काहींना वाटतं, शिफ्ट, कमांड, रिटर्न अशी कीबोर्डवरच्या कळांची नावं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा सरळ ⇧, ⌘, ↩ ही चिन्हं टाकावीत. जागा वाचते, पान नेटकं दिसतं आणि चिन्हांचं भाषांतर करावं लागत नाही. बाकीच्यांना शंका आहे की वाचकाला ती ओळखूच येणार नाहीत. यातलं काय धरायचं?

मी बरीच वर्षं मॅन्युअलं लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासते. माझा कौल असा: वाक्यात कळीचं नाव शब्दांतच हवं. चिन्ह द्यायचं तर नावाच्या शेजारी द्या, नावाच्या जागी नको. चिन्ह एकटं चालतं ते वाचकाच्या कीबोर्डवर नेमकं तेच चिन्ह छापलेलं असेल तेव्हाच, आणि ही खात्री लेखकाला फार थोड्या वेळा देता येते.

मॅन्युअलच्या एका मसुद्याची आम्ही चाचणी घेत होतो. हिशेबाचं काम करणाऱ्या एक बाई ॲपलच्या मॅक संगणकासमोर बसल्या होत्या, शेजारी छापलेलं पान. पानावर लिहिलं होतं: '⌥⇧⌘ व्ही दाबा.' मूळ मजकुराची सजावट सोडून नुसता मजकूर चिकटवण्याचा हा शॉर्टकट. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे, मग पुन्हा पानाकडे. ⌘ त्यांना लगेच सापडलं, कारण ती कळ त्या दिवसभर वापरत होत्या. ⇧ पाहून त्यांचं बोट वर जाणाऱ्या बाणाच्या कळीवर गेलं. ⌥ पाशी मात्र त्या अडल्याच. 'हे रुळ बदलतात तसलं चित्र कुठल्या बटणावर आहे?' असं त्यांनी विचारलं. ते कुठल्याच बटणावर नव्हतं. त्यांच्या कीबोर्डवर त्या कळीवर फक्त ऑप्शन हा शब्द होता. मग मी त्यांना तीच सूचना शब्दांत लिहून दिली: 'ऑप्शन, शिफ्ट आणि कमांड या तिन्ही कळा दाबून धरा आणि व्ही दाबा.' त्यांनी एकदा वाचलं आणि पहिल्याच प्रयत्नात जमवलं.

यात त्या बाईंची काहीच चूक नव्हती. चिन्ह वाचताना वाचकाला आधी आकार ओळखावा लागतो, मग त्या आकाराचं नाव आठवावं लागतं आणि मग त्या नावाची कळ शोधावी लागते. कळीवर तोच आकार छापलेला असेल तर मधली पायरी गळते, डोळा आकाराशी आकार जुळवतो आणि काम होतं. छापलेला नसेल तर सगळा भार आठवणीवर येतो. आणि मॅन्युअल उघडणारा माणूस मुळातच अडलेला असतो. त्याच्या डोक्यात आधीच एक अडचण असते, त्यात आपण ओळखा-पाहू घालायची का?

मॅकच्या बाबतीत हा घोळ जुना आहे. बरीच वर्षं अमेरिकी मांडणीच्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ऑप्शन या कळांवर शब्दच असायचे, तर मेन्यूत त्याच कळांसाठी ⌃ आणि ⌥ ही चिन्हं दिसायची. म्हणजे स्क्रीनवर एक लिपी आणि बोटाखाली दुसरी. पुढे नव्या मॉडेलांवर चिन्हं छापली जाऊ लागली, पण जुनी यंत्रं अजून वापरात आहेत, आणि इतर कंपन्यांचे कीबोर्ड मॅकला जोडून काम करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या कळांवर ऑल्ट आणि विंडोजचं चिन्ह असतं. त्यांच्यासाठी ⌥ हे कुठेच न भेटणारं चित्र आहे.

⌘ चं मात्र वेगळं आहे. ते रुजलं. १९८३ मध्ये पहिल्या मॅकिंटॉशचं काम चालू असताना मेन्यूतल्या प्रत्येक शॉर्टकटशेजारी ॲपल कंपनीचं सफरचंद दिसत होतं. स्टीव्ह जॉब्ज यांना ते खटकलं, फार सफरचंदं झाली म्हणून. मग चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांचा कोश चाळून हा चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन निवडला. स्वीडन आणि आसपासच्या देशांत प्रेक्षणीय स्थळ दाखवणाऱ्या पाट्यांवर तो वापरला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना आणि चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानक यादीत, त्याचा क्रमांक षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत २३१८ आहे आणि त्याचं अधिकृत नाव आजही 'प्लेस ऑफ इंटरेस्ट साइन' असंच आहे. नावात कमांडचा उल्लेख नाही. ही गोष्ट पुढे स्क्रीन रीडरच्या, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, संदर्भात कामाला येईल. ⌘ रुजण्याचं कारण त्याच्या आकारात मला फारसं दिसत नाही. ते कळीवरही छापलं गेलं, मेन्यूतही दिसत राहिलं आणि दिवसातून शेकडो वेळा हाताखालून गेलं, म्हणून ते लोकांना पाठ झालं.

आता आकारांच्या गोंधळाकडे येते, कारण खरा त्रास तिथे आहे. ⇧ म्हणजे शिफ्ट आणि ↑ म्हणजे वर जाणारा बाण. मोठ्या आकारात दोन्ही नीट वेगळे दिसतात: एक पोकळ, एक भरीव. पण तळटीपेत, तक्त्याच्या बारीक रकान्यात किंवा छपाईची शाई थोडी पसरली की पोकळ बाणाची पोकळी बुजते. ⇥ ही टॅबची खूण, → उजवा बाण. फरक शेवटच्या उभ्या रेघेचा. ⌃ हे मॅकवरचं कंट्रोल, पण आकड्यांच्या रांगेतल्या सहाच्या कळीवर असलेलं ^ हे निराळं अक्षर आहे, आणि गणितातलं ∧ तिसरंच. तिन्ही एका ओळीत छापून पाहा, कोणतं कुठलं ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर जुन्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (जे माउसशिवाय, नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर चालतात) ^ सी असं लिहून कंट्रोल आणि सी असं सुचवायची पद्धत आहे. टर्मिनलवर चालणाऱ्या नॅनो या एडिटरच्या तळाशी आजही तशीच यादी दिसते. सवयीच्या माणसाला ती कळते, नवखा मात्र शिफ्ट आणि सहा दाबून ^ उमटवतो आणि मग सी टाइप करतो. मी हे समोर बसून पाहिलंय.

बॅकस्पेसचं तर विचारूच नका. कित्येक कीबोर्डांवर त्या कळीवर नुसता डावीकडे जाणारा बाण असतो. म्हणजे '← दाबा' या सूचनेचे दोन अर्थ झाले: कर्सर डावीकडे न्या किंवा अक्षर पुसा. एकाने मजकूर शाबूत राहतो, दुसऱ्याने जातो. मॅकवर त्याच कळीवर डिलीट लिहिलेलं असतं, आणि विंडोजच्या कीबोर्डवर डिलीट नावाची कळ पुढचं अक्षर पुसते. इथे ⌫ हे चिन्ह मला उलट आवडतं. फोनच्या कीबोर्डमुळे ते सर्वांच्या नजरेतलं झालंय आणि ते काय करतं हे आकारातूनच कळतं. पण तेही मी एकटं ठेवत नाही. 'बॅकस्पेस ⌫ दाबा, कर्सरच्या आधीचं अक्षर पुसलं जाईल' असं लिहिते. कळीचं नाव, तिची खूण आणि तिचा परिणाम एकाच वाक्यात आले की शंकेला जागा राहत नाही.

एंटरसाठी तर ↩, ↵, ⏎ अशी तीन चिन्हं सर्रास फिरतात आणि एकाच मॅन्युअलमध्ये तिन्ही सापडतात, कारण प्रत्येक लेखकाने आपल्या सोयीचं उचललेलं असतं. शिवाय ⌤ हे आकड्यांच्या कीपॅडवरच्या एंटरचं चिन्ह आहे, आणि काही प्रोग्रॅममध्ये मुख्य रिटर्न आणि कीपॅडवरचं एंटर वेगवेगळी कामं करतात. एस्केपसाठीचं ⎋ हे तर मला आजवर एकाही वाचकाने न विचारता ओळखलेलं आठवत नाही. तुटकं वर्तुळ आणि त्यातून बाहेर पडणारा बाण ही कल्पना सुरेख आहे, पण ती समजावून सांगावी लागते.

कळांच्या चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ/आयईसी ९९९५ आणि त्याचा सातवा भाग. हेतू चांगला: कुठल्याही भाषेवर न विसंबणारी खूण प्रत्येक कळीला असावी. त्यात कंट्रोलसाठी ⎈ आहे, जहाजाच्या सुकाणूच्या चाकासारखं. ऑल्टसाठी ⎇ आहे. पण बहुतेक कीबोर्डांवर ही दोन्ही चिन्हं छापलेली नसतात, त्यामुळे मानकात असूनही वाचकाच्या ओळखीची नाहीत. तुमच्या टीममधलं कोणी 'हे तर मानक आहे' असं म्हणालं, तर त्यांच्या हातात टेबलावरचा कीबोर्ड द्या आणि त्यावर ⎈ शोधायला सांगा.

विंडोजच्या कळीचा पेच निराळा आहे. ती कळ १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डसोबत आली. तिच्यावर कंपनीचं बोधचिन्ह आहे, आणि युनिकोड कंपन्यांच्या बोधचिन्हांना क्रमांक देत नाही. मग लोक जवळपास दिसणारं काहीतरी उचलतात. बहुतेकदा ⊞ हे, जे मुळात गणितातलं चौकटीतलं अधिक चिन्ह आहे. कोणी खास आयकॉन फॉन्ट लावतं. हे आयकॉन फॉन्ट युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखलेल्या जागेत बसवलेले असतात. म्हणजे तिथे कुठलं चित्र आहे हे फक्त त्या फॉन्टलाच ठाऊक. फॉन्ट लोड झाला नाही, मजकूर कॉपी करून ईमेलमध्ये टाकला किंवा दुसऱ्या यंत्रावर उघडला की तिथे रिकामा चौकोन. ॲपलचं सफरचंदही असंच खासगी जागेत आहे आणि ॲपलच्या यंत्राबाहेर ते दिसेल याची शाश्वती नसते. म्हणून 'विंडोज कळ' असं सरळ लिहावं. फार तर पहिल्या उल्लेखाशेजारी कळीचं छोटं चित्र द्यावं.

रिकाम्या चौकोनाचा विषय निघालाच आहे तर फॉन्टबद्दल सांगते. फॉन्टमध्ये एखाद्या अक्षराचं रूप नसेल तर त्या जागी जो चौकोन येतो त्याला टायपोग्राफीतले लोक टोफू म्हणतात. गूगलच्या नोटो फॉन्टमालिकेचं नावही 'टोफू नको' यावरूनच आलंय. वेबपानावर ब्राउझर सहसा दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून चिन्ह उसनं आणतो, म्हणून ते दिसतं तरी. पण ते उसनं रूप शेजारच्या अक्षरांहून जाड, बारीक, वर किंवा खाली बसतं. देवनागरीच्या फॉन्टमध्ये ⌥ सारखी चिन्हं क्वचितच असतात, त्यामुळे मराठी मजकुरात ही उसनवारी जवळजवळ ठरलेलीच.

छापील मॅन्युअलमध्ये याहून वाईट होऊ शकतं. काही टाइपसेटिंग प्रणालींत फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर आल्यावर काम थांबत नाही. अक्षर गळतं आणि त्याची नोंद फक्त लॉग फाइलमध्ये होते. मी एकदा तपासायला आलेलं पीडीएफ वाचत होते आणि एका पानावर वाक्य होतं: 'सेव्ह करण्यासाठी + एस दाबा.' अधिक चिन्हाच्या आधी कोरी जागा. लेखकाच्या स्क्रीनवर तिथे ⌘ व्यवस्थित दिसत होतं, पीडीएफ बनताना ते गायब झालं. पुढे शोधलं तर अख्ख्या प्रकरणात जिथे जिथे ⌘ होतं तिथे तिथे खड्डा. एका चिन्हाच्या गैरहजेरीने सूचना अपुरी झाली होती, आणि चूक आहे हे दिसतही नव्हतं, कारण कोरी जागा नजरेत भरत नाही. नाव शब्दांत असतं तर चिन्ह गळूनही 'कमांड + एस' उरलंच असतं.

आणखी एक बारकावा. ↩, ⌨, ⏏ ही काही चिन्हं युनिकोडमध्ये इमोजी म्हणूनही नोंदलेली आहेत. फोनवर तीच मदत-पानं उघडली की वाक्याच्या मधोमध ↩ च्या जागी रंगीत चौकटीतला फुगीर बाण येतो, आणि वाचकाला वाटतं हे दाबायचं बटण आहे. त्यावर उपाय आहे: चिन्हामागे व्हेरिएशन सिलेक्टर १५ हे अदृश्य अक्षर जोडलं की चिन्ह साध्या मजकुराच्या रूपात दाखवावं असा इशारा जातो. पण सगळीकडे तो पाळला जातो असं नाही. त्यापेक्षा इमोजीच्या यादीत नसलेलं ⏎ निवडणं सोपं.

आता ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्याकडून हे पाहू या. स्क्रीन रीडरला ⌘ भेटलं की काय ऐकू येईल हे त्या रीडरवर आणि त्याच्या सेटिंगवर ठरतं. कुठे 'कमांड' असं ऐकू येतं, कुठे युनिकोडमधलं नाव वाचलं जातं, म्हणजे सेव्ह कसं करायचं विचारणाऱ्याला प्रेक्षणीय स्थळाची खूण ऐकू येते. कुठे चिन्ह सरळ वगळलं जातं आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की काही राहिलं. कीबोर्डवर सर्वांत जास्त अवलंबून असलेला वाचक हाच, कारण माउस त्याच्या उपयोगाचा नसतो, आणि शॉर्टकटची सूचना नेमकी त्याच्यापर्यंत पोचत नाही. मला या सगळ्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत जड वाटतो.

वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, २००८ पासून १.३.३ हा निकष आहे: सूचना केवळ आकार, रंग, जागा अशा इंद्रियांनी जाणवणाऱ्या गुणांवर विसंबू नयेत. तो सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पाळायलाच हव्या अशा पातळीवरचा आहे. 'डावीकडचं गोल बटण दाबा' हे जसं पुरेसं नाही, तसंच माझ्या मते नुसतं ⎋ दाखवणंही पुरेसं नाही. काही जण चिन्ह ठेवून मागे लपवलेलं लेबल लावतात. पण एचटीएमएलमधल्या केबीडी टॅगला (वेबपानावर कळीचं नाव दाखवायच्या खुणेला) ॲक्सेसिबिलिटीच्या दृष्टीने स्वतःची अशी खास भूमिका, म्हणजे हा घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारी ओळख, नाही, आणि भूमिका नसलेल्या घटकावर लावलेलं लेबल स्क्रीन रीडर वाचेलच असं नाही. दिसणाऱ्या मजकुरातच शब्द असला की ही कसरत करावी लागत नाही.

मी लेखकांना एक साधी चाचणी करायला सांगते. तुमची सूचना फोनवर दुसऱ्याला वाचून दाखवा. समोरच्याकडे पान नाही, फक्त कीबोर्ड आहे. 'ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबा' हे वाचून दाखवता येतं. '⌥⌘⎋' वाचायला गेलात तर तुम्हालाच आधी त्याचं शब्दांत रूपांतर करावं लागेल. मदतकेंद्रात बसलेली माणसं दिवसभर हेच करत असतात, आणि त्यांच्या हातातलं मॅन्युअल आपणच लिहिलेलं असतं.

शोधाचंही तसंच. वाचक शोधचौकटीत 'कमांड' किंवा 'शिफ्ट' लिहितो. पानावर फक्त ⌘ आणि ⇧ असतील तर निकाल शून्य. चिन्ह टाइप करून शोधणारा वाचक मला अजून भेटायचाय, कारण ते टाइप कसं करायचं हेच बहुतेकांना माहीत नसतं. कळांची चित्रं टाकली असतील तर प्रश्न आणखी वाढतो: ती शोधता येत नाहीत, कॉपी होत नाहीत, मोठी केली की पुसट होतात आणि गडद थीममध्ये पांढऱ्या चौकटी होऊन चमकतात.

भाषांतराचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. जर्मन कीबोर्डवर कंट्रोलच्या कळीवर जर्मन शब्दाचं संक्षिप्त रूप असतं, फ्रेंच कीबोर्डवर डिलीट आणि एस्केप फ्रेंचमध्ये असतात. ⌫ आणि ⇥ या सगळ्यांना चालतात. म्हणजे अनेक भाषांत जाणाऱ्या मॅन्युअलला चिन्हं सोयीची, हे बरोबर. पण भाषांतरात अडतं ते बहुधा दुसरीकडेच. जर्मन मांडणीत तिरपी रेघ उमटवायला शिफ्ट आणि सात दाबावे लागतात, त्यामुळे 'कंट्रोल आणि तिरपी रेघ' हा शॉर्टकट तिथे तसाच सांगून भागत नाही. वाय आणि झेड या कळा तिथे एकमेकींच्या जागी असतात. फ्रेंच मांडणीत ए आणि क्यू यांची अदलाबदल आहे. चिन्ह वापरून यातलं काहीच सुटत नाही, भाषांतरकाराला तो शॉर्टकट त्या कीबोर्डवर दाबूनच पाहावा लागतो. म्हणून कळांची नावं मजकुरात हाताने न लिहिता चल (व्हेरिएबल) म्हणून एका जागी ठेवा आणि प्रत्येक भाषेसाठी त्या कळीवर छापलेलं नाव तिथे भरा. स्फिंक्स, ॲस्कीडॉक्टर, डॉकबुक अशा मॅन्युअल तयार करायच्या साधनांत कळांसाठी वेगळी खूण आधीपासून आहे. ती वापरली की रूप नंतर एका फटक्यात बदलता येतं.

जोडणाऱ्या चिन्हांकडे लोक फारसं पाहत नाहीत, पण वाचक तिथेही अडखळतो. मायक्रोसॉफ्टच्या शैलीत कळांच्या मध्ये अधिक चिन्ह असतं, ॲपलच्या शैलीत छोटी आडवी रेघ. दोन्ही ठीक, पण एकच धरा. आणि झूम वाढवायच्या शॉर्टकटपाशी जपा: 'कंट्रोल++' यातलं दुसरं अधिक ही कळ आहे की टायपाची चूक, हे कळत नाही. तिथे 'कंट्रोल आणि अधिक चिन्हाची कळ' असं शब्दांतच लिहावं. वजा चिन्हाचंही तेच, विशेषतः आडव्या रेघेने जोडत असाल तर. एकामागून एक दाबायच्या कळा असतील तर स्वल्पविराम पुरत नाही, 'आधी कंट्रोल+के दाबा, सोडा, मग कंट्रोल+एस दाबा' असं लिहा. 'सोडा' हा एक शब्द किती चुका वाचवतो हे चाचणीला बसल्याशिवाय कळत नाही. आणि रोमन लिपीत शॉर्टकट लिहिताना अक्षर कॅपिटल असतं म्हणून शिफ्ट दाबणारे लोक असतात. मॅन्युअलच्या सुरुवातीला एक ओळ त्यासाठी खर्च करा.

मॅकसाठी अनेक कळांचा क्रमही ठरलेला आहे: कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट, कमांड, आणि शेवटी मूळ अक्षर. मेन्यूतही तोच क्रम दिसतो. मजकुरात तोच ठेवला तर वाचक पान आणि मेन्यू सहज ताडून पाहू शकतो.

दिसण्याबद्दल थोडं. कळीच्या नावाभोवती हलकी चौकट करणं मला आवडतं, त्याने डोळ्याला सूचना लगेच सापडते. पण बहुतेक तयार शैली रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार येतात आणि खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लोंबतात. 'शिफ्ट' मधली पहिली वेलांटी चौकटीच्या वरच्या रेघेला टेकते, 'कंट्रोल' मधली मात्रा आणि अनुस्वार रेघेत मिसळतात, आणि मग तो अनुस्वार आहे की शाईचा ठिपका कळत नाही. चौकटीच्या आत वरच्या बाजूला खालच्यापेक्षा जास्त जागा सोडा, ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, आणि चौकटीतला टाइप मजकुराहून लहान करू नका. फिकट राखाडीवर राखाडी अक्षरं ही फॅशन सोडा. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा आणि कळीचं नाव हा साधा मजकूरच आहे. मराठी मॅन्युअलमध्ये कळीवर जे रोमन लिपीत छापलंय ते पहिल्या उल्लेखात तसंच दाखवावं आणि शेजारी देवनागरीत उच्चार द्यावा, पुढे देवनागरी चालते. 'नियंत्रण कळ' असं भाषांतर मात्र करू नये. वाचक कीबोर्डवर नियंत्रण शोधत बसतो आणि ते तिथे नसतं.

चिन्हं कुठे शोभतात हेही सांगायला हवं, नाहीतर मी त्यांची शत्रू वाटेन. शॉर्टकटचा एकपानी तक्ता, जो माणूस मॉनिटरला चिकटवून ठेवतो, तिथे ती छान बसतात: वर एकदा खुलासा, खाली ⇧⌘ असे दाट रकाने. तो तक्ता वाचणारा रोजचा वापरकर्ता असतो, त्याला आकार पाठ होतात. स्क्रीनवरच्या मेन्यूचं वर्णन करतानाही मेन्यूत दिसतं तेच चिन्ह दाखवावं, म्हणजे वाचकाला ओळख पटते. बाणाच्या चार कळांसाठी ← ↑ → ↓ मी बिनदिक्कत वापरते, पण 'डावा बाण ←' अशा जोडीने. कोडमधली मोकळी जागा दाखवायला ␣ हे तर फार उपयोगी आहे. दोन मोकळ्या जागा आणि एक टॅब यांतला फरक शब्दांत सांगून डोळ्यांना पटत नाही, ␣␣ आणि ⇥ दाखवले की लगेच दिसतो.

तुमच्या मॅन्युअलसाठी मी पहिल्या पानांत सात-आठ ओळींचा कळांचा तक्ता ठेवेन: चिन्ह, नाव, मॅकवर कुठे, विंडोजवर तिच्या जागी कुठली. प्रत्येक प्रकरणात पहिल्या उल्लेखाला 'कमांड ⌘', पुढे नुसतं 'कमांड'. दोन्ही प्रणालींसाठी लिहीत असाल तर एकाच वाक्यात दोन्ही कोंबू नका. विंडोजची ओळ वेगळी, मॅकची वेगळी, आणि वेबवर असाल तर वाचकाची प्रणाली ओळखून तीच ओळ आधी दाखवा, दुसरी लपवू नका. दुसऱ्याच्या यंत्रासाठी शोधणारेही असतात.

आणि छपाईला देण्याआधी अंतिम पीडीएफमधला शॉर्टकटचा मजकूर निवडून कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. जिथे खड्डा, चौकोन किंवा भलतंच अक्षर उमटेल ती जागा खुणेसाठी पिवळी करा आणि छापील नमुन्यात तेच पान काढून पाहा. मग जुना, शब्द छापलेला एखादा कीबोर्ड समोर ठेवून, मॅन्युअल न लिहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला त्यावर पाच सूचना पार पाडायला सांगा. शेजारी बसा, मदत करू नका, आणि त्याचं बोट कुठे हवेत थांबतं ते लिहून घ्या.